झाकणावर झेपावलेला खेळाडू

पाऊलखुणा (शनिवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी,

मेलबर्नला येऊन मला अकरा वर्षं झाली. इथे थंडी पडू लागली की 'फुटी' सुरू होते, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. सोमवारी सकाळी ऑफिसात दुसरा विषय नसतो. मी बरीच वर्षं त्यापासून लांब होते. लेक शाळेच्या मैदानावर तो लांबट चेंडू लाथाडायला लागली तेव्हा कुठे नियम समजून घेतले. आज लिहितेय ते मात्र एका मडक्यामुळे.

नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरियाच्या संग्रहात हर्मन्सबर्ग पॉटर्स या कुंभार गटाची फुटबॉलवरची मडकी आहेत. दोन्ही हातांच्या कवेत घ्यावं असं गोलसर, तांबूस मातीचं मडकं. पोटाला चहूबाजूंनी रंगवलेलं. आणि झाकणावर, जिथे आपला हात उचलायची मूठ शोधतो, तिथे मातीचा एक खेळाडू उभा. मी पाहिलं त्या झाकणावर निकी विनमार होता, एका हाताने जर्सी वर उचलून दुसऱ्या हाताच्या बोटाने आपली कातडी दाखवणारा.

ही गोष्ट इथे शाळकरी मुलांनाही माहीत असते. १७ एप्रिल १९९३, कॉलिंगवूडचं घरचं मैदान व्हिक्टोरिया पार्क. पाहुण्या सेंट किल्डा संघात निकी विनमार आणि गिल्बर्ट मॅकॅडम हे दोन अ‍ॅबोरिजिनल (ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवासी समाजातले) खेळाडू होते. सामना चालू असताना प्रेक्षक त्यांच्या रंगावरून शिव्या देत राहिले. सेंट किल्डा जिंकलं. शिट्टी वाजल्यावर विनमार त्याच प्रेक्षकांसमोर गेला, जर्सी वर केली आणि पोटाच्या काळ्या कातडीवर बोट ठेवलं. दोन छायाचित्रकारांनी तो क्षण टिपला आणि पुढे वर्णद्वेषाविरुद्धच्या नियमांपर्यंत गोष्टी गेल्या. २०१९ मध्ये पर्थच्या स्टेडियमबाहेर त्याचा पुतळाही बसला.

छायाचित्र मी अनेकदा पाहिलं होतं, पण मातीतला विनमार पाहून गलबलून आलं. तो घडवला रोना पनांग्का रुबुंट्जा यांनी. हर्मन्सबर्ग, म्हणजे स्थानिक लोकांचं न्तारिया, अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या पश्चिमेला सुमारे सव्वाशे किलोमीटरवर. १८७७ मध्ये लुथरन मिशनऱ्यांनी वसवलेलं. जलरंगांतल्या निसर्गचित्रांसाठी जगभर माहीत झालेले अल्बर्ट नमट्जिरा याच गावचे. कुंभारकामाचा आताचा गट १९९० च्या सुमारास उभा राहिला आणि त्यात मुख्यतः वेस्टर्न अरांडा या मूळ रहिवासी समाजातल्या बायका आहेत. चाक वापरत नाहीत. मातीच्या लांब वळ्या करायच्या, एकावर एक बसवत जायच्या, बोटांनी सांधे बुजवायचे आणि मग पोटावर आपला मुलूख रंगवायचा.

एरवी झाकणावर पक्षी, सरडे, कांगारू असतात. या मालिकेत त्यांच्या जागी खेळाडू आले. मोठ्या लीगमधले, म्हणजे देशपातळीवरच्या व्यावसायिक स्पर्धेतले, गाजलेले आहेतच, पण गावचा खेळही आहे. मला भावला तो गावचा खेळ. दुकानांत दिसणाऱ्या बूमरँगांतून आणि ठिपक्यांच्या पिशव्यांतून या लोकांची जी ओळख होते, तिच्यात त्यांचा रविवार कुठेच नसतो. या मडक्यांवर तो आहे.

कुणी मध्य ऑस्ट्रेलियात राहिलं असेल, अशी कला पाहिली असेल, तर लिहा.

मैदानवेडा (शनिवार, रात्री १०.१५)

सुंदर धागा. खेळ न पाहिलेल्यांसाठी दोन ओळी. प्रत्येक बाजूला १८ खेळाडू आणि मैदान क्रिकेटचंच, लंबगोल. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोनांतून लाथ मारून चेंडू गेला तर ६ गुण, बाजूच्या फटीतून गेला तर १. लाथेने १५ मीटर तरी लांब आलेला चेंडू हवेत झेलला की त्याला 'मार्क' म्हणतात आणि झेलणाऱ्याला निवांत लाथ मारायला मिळते. त्यासाठी पोरं प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यावर गुडघा टेकवून उडी घेतात. शिल्पकाराला हवा तसा क्षण आहे तो.

१८५९ मध्ये मेलबर्नमध्ये या खेळाचे नियम लिहिले गेले. लिहिणाऱ्यांतला टॉम विल्स मुळात क्रिकेटपटू. थंडीत क्रिकेटवाल्यांचं अंग मोडू नये म्हणून काहीतरी खेळ हवा, असं पत्र त्याने आदल्या वर्षी छापून आणलं होतं. याच विल्सने पुढे अ‍ॅबोरिजिनल क्रिकेट संघाला शिकवलं आणि १८६६ च्या बॉक्सिंग डेला तो संघ मेलबर्नच्या मैदानावर उतरला. १८६८ मध्ये इंग्लंडला गेलेला पहिला ऑस्ट्रेलियन संघ अ‍ॅबोरिजिनल खेळाडूंचा होता, हे आपल्याकडच्या भल्याभल्या क्रिकेटवेड्यांना सांगितलं की खरं वाटत नाही.

निशिगंध (रविवार, सकाळी ८.०५)

छान लिहिलंयस गं. एक शंका मनापासून विचारते. हा खेळ गोऱ्यांनी आणलेला, गावही मिशनऱ्यांनी वसवलेलं. मग मडक्यावरच्या फुटबॉलला 'आदिवासी कला' कसं म्हणायचं? माझ्या डोक्यात ती म्हणजे ठिपके, सृष्टीच्या उत्पत्तीच्या कथा, झाडाच्या सालीवरची चित्रं.

लाल_धूळ (रविवार, दुपारी २.३०)

निशिगंध, मी अ‍ॅलिस स्प्रिंग्जला नर्स आहे, सहा वर्षं झाली. मूळची सोलापूरची. तुमचाच प्रश्न मला पहिल्या वर्षी पडला होता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इथल्या वस्त्यांमधलं मैदान म्हणजे लाल माती. हिरवळ फार थोड्या ठिकाणी. खेळ सुरू झाला की धूळ गुडघ्यापर्यंत उठते आणि दुपारच्या तिरप्या उन्हात खेळाडूंचे पाय दिसेनासे होतात. सीमारेषेभोवती गाड्या गोलाकार लावलेल्या असतात, बॉनेटवर आज्या आणि टपावर पोरं. गोल झाला की सगळ्या गाड्यांचे हॉर्न एकदम वाजतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला अपघात झाला वाटून मी धावले होते. सामन्यासाठी लोक तीनशे-चारशे किलोमीटर कच्च्या रस्त्याने येतात, कारण खेळाइतकीच नात्यातली माणसं भेटणं हीही मोठी गोष्ट असते. लग्नं ठरतात, भांडणं मिटतात, काही वेळा नवीन सुरूही होतात.

युएंडुमू या वाळवंटातल्या वस्तीत तर १९६० च्या दशकापासून दरवर्षी खेळांचा मेळा भरतो. तिथला वार्लपिरी समाजातला तरुण लियम जुर्रा २००९ मध्ये मेलबर्न क्लबकडून मोठ्या लीगमध्ये खेळला आणि २०१० मध्ये त्याचा झेल वर्षातला सर्वोत्तम ठरला. मध्य ऑस्ट्रेलियाच्या दुर्गम वस्तीतून थेट तिथे पोचणारा तो पहिला. त्याच युएंडुमूत १९८३ मध्ये वडीलधाऱ्यांनी शाळेच्या दारांवर आपल्या कथा रंगवल्या आणि पुढे १९८५ मध्ये वार्लुकुर्लांगू हे कलाकेंद्र उभं राहिलं. एकाच गावात दोन्ही.

ठिपक्यांची चित्रं म्हणजे त्या माणसाच्या मुलुखाची चित्रं असतात. पाणवठा कुठे, पूर्वज कुठून चालत गेले, कोणती कथा सांगायचा हक्क कोणत्या घराण्याकडे. त्याच मुलुखात आता फुटबॉलचं मैदानही आहे. माझ्या ओळखीच्या एका आजीला मी विचारलं होतं की तुम्ही पूर्वीची चित्रं काढता की आताची. तिला प्रश्न कळलाच नाही. तिने मैदान काढलं होतं, मागे डोंगर काढला होता. डोंगर तिच्या वडिलांकडचा आणि मैदानावर नातू. चित्राचे दोन तुकडे मी पाडत होते, ती पाडत नव्हती.

निशिगंध (रविवार, दुपारी ३.१०)

पटलं. आणि 'तुकडे मी पाडत होते' हे वाक्य मलाही लागू आहे. धन्यवाद, ताई.

पाऊलखुणा (रविवार, संध्याकाळी ६.००)

लाल_धूळ, तुमचा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून यायला हवा.

'गोऱ्यांचा खेळ' या मुद्द्याला आणखी एक बाजू आहे. पश्चिम व्हिक्टोरियातले लोक पोसम या झाडावरच्या केसाळ प्राण्याच्या कातडीचा चेंडू करून तो उंच लाथाडायचे आणि उडी मारून झेलायचे. त्याला मार्नग्रूक म्हणतात. १८५७ मध्ये ब्लांडोव्स्की नावाचा निसर्गशास्त्रज्ञ मरे नदीकाठी गेला होता. त्याच्या मोहिमेवरून तयार झालेल्या एका कोरीव चित्रात मुलं चेंडू लाथाडताना दिसतात. टॉम विल्सचं बालपण पश्चिम व्हिक्टोरियातल्याच जाबवुरुंग या मूळ रहिवासी समाजाच्या मुलांबरोबर गेलं, तो त्यांची भाषा बोलायचा. त्यामुळे मार्नग्रूकमधूनच फुटी आली असं काहीजण ठामपणे म्हणतात. विल्सने तसं कुठे लिहून ठेवलेलं नाही, म्हणून काही इतिहासकार ते मानत नाहीत. वाद चालू आहे. माझं मत विचाराल तर, खेळाची मालकी सिद्ध करायला पुरावा लागतो हे खरं, पण दीडशे वर्षं ज्यांनी तो अंगाखांद्यावर वाढवला त्यांना तो आपला म्हणायला कुणाच्या प्रमाणपत्राची गरज नाही.

चुलतपांगारा (रविवार, रात्री ८.४५)

मी सावंतवाडीचा, लाकडी खेळण्यांच्या घरातला. ऑस्ट्रेलियाला कधी गेलो नाही, पण या विषयावर सांगण्यासारखं माझ्याकडे एक आहे.

अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या ईशान्येला उटोपिया नावाचा भाग आहे. तिथल्या डिन्नी कुनोथ केमारे आणि जोसी कुनोथ पेटयारे या नवरा-बायकोने लाकडात फुटबॉलपटू कोरले. २००७ च्या सुमारास लीगमध्ये १६ संघ होते, त्या प्रत्येक संघाचा एकेक खेळाडू, आपापल्या रंगांची जर्सी घातलेला. पुढे दोघांनी गावाकडच्या सामन्यांची चित्रंही रंगवली. मैदान वरून पाहिल्यासारखं, बाजूने गाड्या, माणसं, कुत्री. लाल_धूळ ताईंनी गाड्यांचं वर्णन केलं तेव्हा तीच चित्रं डोळ्यासमोर आली.

आता माझ्या जिव्हाळ्याचं. उटोपियाकडचं कोरीवकाम बरेचदा बीन ट्री नावाच्या झाडाच्या लाकडात होतं. मऊ, हलकं, सुरीला सहज जाणारं. ते झाड आपल्या पांगाऱ्याच्या कुळातलं, शास्त्रीय नावातला पहिला शब्द एकच. आमच्याकडे जुनी खेळणी पांगाऱ्यातच व्हायची. लाकूड हलकं असलं की रंग पितं, म्हणून आधी अस्तर नीट द्यावं लागतं. त्या खेळाडूंच्या जर्सीवरचे पट्टे छायाचित्रांत मी मोठे करकरून पाहिले. काठ सरळ आहेत, रंग फुटलेला नाही. हात बसलेला माणूस आहे.

पाऊलखुणा (रविवार, रात्री ९.२०)

दादा, हे मला कुठल्याच दालनात कुणी सांगितलं नसतं. मनापासून आभार.

खाडीपल्याड (सोमवार, सकाळी ७.३०)

डार्विनला चार वर्षं होतो, त्यामुळे तिवी बेटांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. डार्विनच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर बाथर्स्ट आणि मेलव्हिल ही दोन बेटं. दोन्ही मिळून वस्ती आपल्या एखाद्या मध्यम खेड्याएवढी, पण फुटबॉल घराघरात. मॉरिस रिओली इथले. १९८२ च्या अंतिम सामन्यात त्यांचा रिचमंड संघ हरला, तरी सामनावीराचं नॉर्म स्मिथ पदक त्यांनाच मिळालं. १९९३ मध्ये ते मायकल लाँगला मिळालं, त्यांच्याही घरची मुळं तिवीच. त्यांच्या आधी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला डेव्हिड कांटिला अ‍ॅडलेडला जाऊन खेळले.

दर मार्चमध्ये बाथर्स्ट बेटावरच्या वुरुमियांगा गावात तिवी लीगचा अंतिम सामना असतो. त्याच दिवशी बेटांवरच्या कलाकेंद्रांची चित्रविक्रीही असते. एरवी बेटावर जायला परवाना लागतो, त्या दिवशी लागत नाही. डार्विनहून सकाळी फेरी आणि छोटी विमानं भरभरून जातात. लोक आधी चित्रं पाहतात, मग मैदानावर येतात.

आम्ही गेलो तेव्हा मी जाळीपाशी उभा राहिलो आणि मला चित्र आणि मैदान वेगळं करता येईना. तिवी चित्रातल्या रेघांना आणि ठिपक्यांना 'जिलामारा' म्हणतात. मुळात ती अंगावर काढायची नक्षी, अंत्यविधीच्या वेळी नाचताना. पांढरा, पिवळा, लाल हे रंग मातीचे आणि काळा कोळशाचा. हीच नक्षी कबरीभोवती उभ्या करायच्या लाकडी खांबांवर येते, मग कागदावर, कापडावर. आणि अंगावर रंग चढवून नाचणाऱ्यांचीच पोरं समोर पळत होती. काहीजण अनवाणी. तुफान वेग. पावसाने मैदान चिखलाचं झालेलं. माझ्या शेजारच्या बाईने सकाळी ज्या टेबलावर चित्रं विकली होती, तीच बाई आता भाच्याच्या नावाने ओरडत होती.

मैदानवेडा (सोमवार, सकाळी १०.००)

मोठ्या लीगच्या जर्सीबद्दलही बोलूया का? वर्षातून एकदा मूलनिवासी खेळाडूंच्या सन्मानार्थ विशेष फेरी होते. २०१६ पासून तिला सर डग निकोल्स यांचं नाव आहे. ते फिट्झरॉयचे खेळाडू, नंतर धर्मोपदेशक, आणि १९७६ मध्ये साउथ ऑस्ट्रेलियाचे राज्यपाल. या फेरीत प्रत्येक संघ अ‍ॅबोरिजिनल किंवा टॉरेस सामुद्रधुनीतल्या कलाकाराने काढलेली जर्सी घालतो. काही वेळा ती खेळाडूच्या आईने किंवा आत्याने काढलेली असते. नक्षीचा अर्थ सामन्याआधी समजावून सांगतात. अलीकडे काही संघ त्या फेरीपुरतं स्थानिक भाषेतलं नावही घेतात. मेलबर्न तेव्हा 'नार्म' होतं.

निशिगंध (सोमवार, सकाळी ११.२०)

ऐकायला छान वाटतंय. पण त्या जर्सी विकल्या जातात ना? नक्षी ज्या घराण्याची, त्यांना पैसे मिळतात का, की फक्त टाळ्या?

पाऊलखुणा (सोमवार, रात्री ९.०५)

प्रश्न नेमका आहे. प्रत्येक जर्सीचा करार वेगळा असतो, त्यामुळे सरसकट उत्तर देणार नाही. पण झेंड्याची गोष्ट सांगते, तिच्यातून बरंच कळतं.

काळा, लाल आणि मध्ये पिवळा सूर्य असलेला अ‍ॅबोरिजिनल झेंडा १९७१ मध्ये हॅरल्ड थॉमस या लुरिट्जा समाजातल्या कलाकाराने काढला. न्यायालयाने कायद्याने हक्क त्यांचाच मानला. त्यांनी कपड्यांवर छापायचा परवाना एका खासगी कंपनीला दिला आणि त्या कंपनीने झेंडा वापरणाऱ्यांना, अगदी अ‍ॅबोरिजिनल संस्थांनाही, नोटिसा धाडल्या. २०२० च्या त्या विशेष फेरीत मैदानावर झेंडा रंगवलाच नाही. पैसे देऊन वापरण्यापेक्षा न वापरणं लीगने आणि क्लबांनी पसंत केलं, आणि मैदानाच्या मधल्या वर्तुळातली ती रिकामी जागा लाखो लोकांनी टीव्हीवर पाहिली. जानेवारी २०२२ मध्ये सरकारने २ कोटी डॉलरहून जास्त रक्कम मोजून हक्क विकत घेतले आणि झेंडा सर्वांसाठी मोकळा केला.

यात मी थॉमस यांना दोष देणार नाही. चित्र त्यांचं होतं. पण लोकांनी पन्नास वर्षं मोर्च्यात, शवपेटीवर, जर्सीवर मिरवलेली गोष्ट एका कागदाने अडते हे पाहणं फार जड होतं.

डहाणूरोड (मंगळवार, सकाळी ६.५०)

हे वाचून घरची आठवण झाली. माझ्या आईकडची माणसं वारली. मध्य ऑस्ट्रेलियातल्या पापुन्या गावात शाळेच्या भिंतीवर मधमुंग्यांचं चित्र काढलं गेलं ते १९७१ मध्ये, तिथूनच वाळवंटातली कॅनव्हासवरची चित्रकला पसरली असं मी वाचलंय. साधारण त्याच सुमारास भास्कर कुलकर्णी आमच्या पाड्यांवर कागद आणि रंग घेऊन आले आणि जिव्या सोमा मशे यांची चित्रं जगाला दिसली. दोन टोकांना एकाच काळात भिंतीवरचं आणि जमिनीवरचं कागदावर आलं. पुढे आमच्या चित्राला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी कुठल्याही चादरीवर, कपावर आमचा तारपा नाच छापलेला दिसतो आणि काढणाऱ्याचं नाव नसतं.

आमची मुलंही क्रिकेट खेळतात. पाड्यापाड्यांत टेनिस बॉलच्या स्पर्धा असतात. पण चित्र काढायला बसली की गिऱ्हाईक तारपाच मागतं, म्हणून तारपाच काढतात. मडक्यावरच्या त्या विनमारबद्दल वाचलं तेव्हा वाटलं, आमच्या भिंतीवर आमचा गोलंदाज का नसावा? भाचीला सांगून पाहतो.

लाल_धूळ (मंगळवार, दुपारी १.१५)

डहाणूरोड, भाचीने काढलं तर इथे जरूर दाखवा.

खाडीपल्याड (मंगळवार, संध्याकाळी ५.४०)

व्हिन्सेंट नमट्जिरा यांचं नाव अजून कसं आलं नाही? अल्बर्ट नमट्जिरांचे पणतू. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात इंदुल्काना गावी इवांट्जा आर्ट्समध्ये काम करतात. २०२० मध्ये त्यांनी व्यक्तिचित्रणाचा आर्चिबाल्ड पुरस्कार जिंकला. ९९ वर्षांत तो जिंकणारे पहिले मूलनिवासी चित्रकार. चित्रात ते स्वतः आणि फुटबॉलपटू अ‍ॅडम गुड्स हातात हात घेऊन उभे आहेत.

गुड्सना २०१४ मध्ये 'ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर' केलं गेलं आणि २०१५ मध्ये मैदानामैदानांवर प्रेक्षकांनी इतकी हुर्यो उडवली की त्यांनी खेळ सोडला. त्या शेवटच्या हंगामावरचा माहितीपट पाहून व्हिन्सेंटना आतून ढवळून निघाल्यासारखं झालं. त्यांचं स्वतःचं बालपण गावापासून तोडून पर्थमध्ये परक्या घरांत गेलं होतं. एकमेकांपासून लांब वाढलेले दोन पुरुष चित्रात हात धरून उभे आहेत, आणि विनमारची ती १९९३ मधली कृती मला त्या हातांत दिसते.

निशिगंध (मंगळवार, रात्री १०.००)

बहिणीकडे सिडनीला जायचं ठरतंय. एखादी लहानशी वस्तू घ्यावी असं मनात आहे. नकली माल कसा ओळखायचा?

पाऊलखुणा (बुधवार, सकाळी ७.१०)

शक्यतो गावाच्या मालकीच्या कलाकेंद्राकडून घे. बरीचशी केंद्रं ऑनलाइन विकतात. वस्तूबरोबर कलाकाराचं नाव, गाव आणि कशाचं चित्र आहे हे लिहिलेला कागद येतो. नावच नसेल तर घेऊ नकोस. पर्यटकांच्या दुकानांतला पुष्कळ माल परदेशात बनतो. २०१९ मध्ये न्यायालयाने एका कंपनीला असा माल अ‍ॅबोरिजिनल म्हणून विकल्याबद्दल २३ लाख डॉलरचा दंड केला होता, तोपर्यंत ती कंपनी बंदही झाली होती. हजार डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीचं चित्र पुन्हा विकलं गेलं तर ५ टक्के कलाकाराला द्यायचा कायदा २०१० पासून आहे.

आणि मडकं घेतलंस तर झाकण वेगळं गुंडाळायला सांग. हात वर केलेला खेळाडू प्रवासात पहिल्यांदा तुटतो.

चुलतपांगारा (बुधवार, सकाळी ९.३०)

लाल_धूळ ताई, येत्या रविवारी सामना असेल तर गाड्यांच्या रांगेचा एक फोटो टाकाल का? माणसं नकोत, नुसत्या गाड्या आणि मैदान. चुलत्याला दाखवायचंय, तो अजून कोरतो.

लाल_धूळ (गुरुवार, रात्री ८.२०)

दादा, रविवारचा सामना होणार नाही. वस्तीत एक ज्येष्ठ व्यक्ती गेली. इथे अशा वेळी सगळं थांबतं, मैदानसुद्धा. गेलेल्या माणसाचं नावही काही काळ घेत नाहीत. कुटुंबाने हो म्हटल्यावरच पुन्हा खेळ. दोन आठवडे लागतील, कदाचित जास्त. तेव्हा आधी विचारून फोटो काढीन.

चुलतपांगारा (गुरुवार, रात्री ८.३५)

काही घाई नाही, ताई. थांबतो.